कामठीच्या भिंतीवरची पोर

नागपुरात आरोग्य खात्यासाठी मी पोस्टरं काढायचो. देवीच्या रोगाचं एक होतं. सहा-सात वर्षांच्या पोरीचं फोडांनी भरलेलं तोंड आणि खाली ‘लस टोचून घ्या’. माझी पद्धत ठरलेली. आधी निरोगी चेहरा रंगवायचा, तो वाळला की वरून एकेक फोड बसवायचा. चेहरा कोणाचा नव्हता, मनानं काढलेला. तरी कचेरीतले लोक ते चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. भित्रट लेकाचे!

कामठीला विणकरांच्या गल्लीत ते पोस्टर पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. पोरीच्या कपाळाला हळद, खाली कडुनिंबाचा डहाळा अन् दहीभात. लस घ्या म्हणून आम्ही घसा फोडतोय आणि ह्या बाया चित्रालाच माता आली समजून थंडावा देऊन राहिल्या! मी डहाळा उचलून फेकणार, तेवढ्यात समोरच्या घरातून एक बाई धावत आली.

"राहू दे गा भाऊ. माही पोरगी हाय ते."

तिची लेक देवीनं गेली होती, फोटो एकही नव्हता, असं शेजारणीनं सांगितलं. मी म्हटलं, "मावशी, हे मी मनानं काढलंय."

"मंग तुह्या मनात कुठून आली ते?"

मी सरळ बस गाठली.

पुढे देवीचा रोग संपला. जुन्या पोस्टरांवर कुटुंब नियोजनाची नवी चिकटवायचा हुकूम निघाला. हे कळताच ती बाई थेट कचेरीत आली. "तिले झाकलं तं मले तिचं तोंड कुठं दिसन?" हुकूम माझ्या हातात नव्हता. तुझ्या घरासाठी वेगळं चित्र काढून देतो, म्हटलं.

"देजो. पण ते देवीचे दाणे नको लावू. मले तिले बरी झालेली पाह्याची हाय."

मी जीव ओतला. तोच चेहरा, अगदी नितळ. घेऊन गेलो तेव्हा भिंतीवर नवं पोस्टर लागून गेलं होतं. ती दारात बसून चित्र पाहत राहिली, गालावरून बोट फिरवलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे पोरगी कोणाची हाय गा?"

"तुझीच, मावशी."

"नाही. माह्या पोरीले मी वळखत नाही काय?" आणि ती हमसून रडायला लागली. लेकीचा बरा चेहरा तिला आठवतच नव्हता. "लाव बाप्पा दाणे. लाव."

रंग पिशवीत होतेच. मी ओट्यावर बसलो. ती जागा दाखवत गेली, मी फोड बसवत गेलो. कपाळावर, नाकाशी, ओठाखाली. एकदाही ती अडखळली नाही. चेहरा भरत गेला तशी ती शांत होत गेली. शेवटी तिनं उजव्या पापणीवर बोट टेकवलं.

"हा शेवटचा. हा आल्यावर तिनं मले पाह्यलं नाही."