कुत्रा माझ्याच दारात बसला

प्रतापनगरात राहायला आलो तेव्हा मी शाळेत शिकवत होते आणि वह्या तपासून झाल्या की गुपचूप रहस्यकादंबरी लिहीत होते. सत्तरच्या दशकाची अखेर असावी. माझा इन्स्पेक्टर फार दुःखी होता. दारूची सवय, जेवणाकडे लक्ष नाही, पुढे बायकोही सोडून जाते. जोडीला अल्सेशियन कुत्रा. इन्स्पेक्टरने उसासा टाकला की कुत्र्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. खरा पोलिसी कुत्रा मी जन्मात पाहिला नव्हता.

तो योग शेजारणीमुळे आला. ती कळमेश्वरला लेकीकडे जाऊन परतली, तर कुलूप पायरीवर उघडं पडलेलं आणि कपाटातल्या बांगड्या गायब. तिचा भाऊ पोलिसात मोठ्या हुद्द्यावर, म्हणून कुत्रा मागवला गेला. तो येण्याआधी मी तिथे पोचले. माझा इन्स्पेक्टर रुमालात धरायचा, मी पदरात धरून कुलूप उचललं, उजेडात फिरवलं, हुंगलंसुद्धा. काही कळलं नाही. ठेवून दिलं.

दुपारी पोट सुटलेला एक हवालदार कुत्रा घेऊन आला. कुत्र्याने कुलूप हुंगलं, फाटकाबाहेर पडला आणि अख्ख्या गल्लीदेखत आमच्या व्हरांड्यात येऊन माझ्यासमोर बसला.

"बाई, कुलपाले हात लावला होता का तुमी?"

"पदराने धरलं होतं."

"काहून?"

"अभ्यासासाठी." मग कादंबरीचं सांगावंच लागलं. हवालदार खुर्चीवर टेकला. मी धीर करून विचारलं, "तुमच्या मनात काही दुःख आहे का?"

"मनात नाही, पोटात आहे. जळजळते."

"याला कळतं ते?"

"याले जेवणाची वेळ कळते. आता तिचीच वाट पाहून राहिला."

तिसऱ्या दिवशी बांगड्या तुरीच्या डाळीच्या डब्यात सापडल्या. शेजारणीनेच जाताना लपवल्या होत्या आणि त्या गडबडीत कुलूप लावायचं राहिलं होतं. हे तिने मला हळूच सांगितलं, गल्लीला सांगितलं नाही. त्यामुळे 'ज्यांच्याकडे कुत्रा गेला होता त्या बाई' ही माझी ओळख बरीच वर्षं टिकली. पालकसभेत एक आई माझ्यासमोर पर्स घट्ट धरून बसे.

सीताबर्डीवरच्या एका प्रकाशकाने हस्तलिखित वाचलं. "कुत्रा झकास आहे," तो म्हणाला, "पण बाईच्या नावावर खुनाचं पुस्तक कोण घेईल? मिस्टरांचं नाव घालू." मी हो म्हणाले. त्याचा राग अजून येतो, माझाच मला.

पुस्तक निघालं. मुखपृष्ठावरचा कुत्रा कोल्ह्यासारखा दिसत होता. नवऱ्याच्या ऑफिसात सत्कार झाला, हार, नारळ, सगळं. मी मागच्या रांगेत बसले होते. कोणीतरी विचारलं, "साहेब, इन्स्पेक्टरचं इतकं दुःख तुम्हाले सुचलं कुठून?"

नवऱ्याने गळ्यातला हार सारखा केला. मग गंभीरपणे म्हणाला, "संसारातून."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

घरी आल्यावर मी त्याची प्रत उघडली. खुणेसाठी घातलेलं बसचं तिकीट अकराव्या पानावर होतं. बायको सोडून जाते ते बाराव्या पानावर.