शकूआत्याचं मौन

राखी मफलरमध्ये गुंडाळलेला एक सडपातळ गळा... त्या हिवाळ्याची आठवण आली की आधी तोच डोळ्यांसमोर येतो. शकूआत्या, माझ्या बाबांची धाकटी बहीण, आदिलाबादजवळच्या इचोड्याच्या आमच्या घराच्या ओट्यावर कोवळ्या उन्हात बसलेली, ओठ मिटलेले, मांडीवर माझी पाटी. आणि समोरच्या हमरस्त्यावरून नागपूरकडे निघालेल्या ट्रकांमधून, धाब्यांवरच्या कर्ण्यांमधून तिचाच आवाज वाहत असलेला – तेलुगू सिनेमातल्या नायिकेच्या ओठी शोभणारा, उंच, लखलखीत आवाज. रस्ता गात होता आणि गाणारी मुकी होती.

आत्या आधी आदिलाबादच्या गणेशोत्सवात गायची. तिथून हैदराबादला गेली, कित्येक वर्षं कोरसमध्ये मागच्या रांगेत उभी राहिली. दुसऱ्या गायिकेसाठी नमुना म्हणून तिच्याकडून एक गाणं गाऊन घेतलं होतं. संगीतकाराला तो आवाज बदलावासाच वाटला नाही, आणि तिथून नायिकांची गाणी तिच्याकडे येऊ लागली. मग गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी बजावलं – संक्रांतीपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. संक्रांतीनंतर एका मोठ्या चित्रपटाची सगळी गाणी तिच्यासाठी राखून ठेवलेली होती.

म्हणून ती आमच्याकडे आली, आणि आमचं घर श्वास रोखून जगू लागलं. मिरचीचा खकाणा तिच्या घशात जाऊ नये म्हणून आई परसात चूल मांडून फोडणी देई. भाकरीचा खरपूस वास, तुरीच्या ओल्या शेंगांचा वाफाळता गंध, वाऱ्यावर तरंगणारी कापसाची धूळ – त्या दिवसांत प्रत्येक वासाची आम्हाला धास्ती वाटे. एकदा तिला साधा ठसका लागला तर बाबा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले. आईनं मला सांगून ठेवलं होतं, “आत्याले काही इचारू नको, कमे. इचारलं की बोलावंसं वाटते मान्साले.” मग मी तिच्याशेजारी नुसती बसे. ती पाटीवर चित्रं काढी. मी पुसून टाकी.

संक्रांत अगदी जवळ आली होती. घराशेजारच्या जिनिंग कारखान्यात कापसाच्या गाड्यांची रीघ लागलेली. दुपारच्या पिवळ्या उन्हात हवेतून पांढरे पुंजके उडत होते. मी ते वेचत वेचत एका ट्रकच्या मागे जाऊन बसले. कापूस असा चौफेर फुगलेला, की चालकाला मागचं काहीच दिसत नव्हतं. इंजिन घरघरलं, मला वाटलं, गाडी पुढे निघाली... ती मागे येत होती.

आत्या ओट्यावर उभी राहिली. तिनं टाळ्या वाजवलेल्या मला दिसल्या, ऐकू आल्या नाहीत. मी हसून ओंजळीतला कापूस तिला दाखवला. आणि मग ती ओरडली –

“कमेऽ, सर!”

तो आवाज आजही मला नीट सांगता येत नाही. इंजिनाच्या घरघरीतून, जिनिंगच्या खडखडाटातून तो चिरत आला. मी बाजूला लोळण घेतली आणि चालकाचा पाय ब्रेकवर पडला. चाक माझ्या चपलेवर थांबलं होतं. आत्या धावत आली, मला उराशी धरलं. तिच्या ओठांच्या कडेला रक्ताची बारीकशी रेघ होती. बाबा आमच्या दुकानातून धावत आले, माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि रुमालानं तिच्या ओठांवरचं रक्त टिपलं. “शकू,” ते एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही हैदराबादच्या दवाखान्यात होतो. फिनेलच्या वासानं कोंदलेला व्हरांडा, लाकडी बाक, बाबांची न थांबणारी येरझार. आत्या एकदाची बाहेर आली. मागून डॉक्टर म्हणाले, आवाज राहील, पण वरचे सूर आता लागतील असं वाटत नाही. जखम कालची की मुळातच नीट भरली नव्हती, ते छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

बाबांचे डोळे भरून आले. आत्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि घोगऱ्या, अनोळखी स्वरात म्हणाली, “पोरगी सकाळपासून उपाशी हाय, दादा. तिले काही खाऊ घाल.”

त्या चित्रपटाची गाणी दुसऱ्या कुणीतरी गायली. आत्याचा गळा बरा झाला, पण आवाज उरला तो खालच्या पट्टीत – गडद, किंचित खरखरीत. नायिकेला तो शोभेना. पुढे फार दिवसांनी एका सिनेमात म्हाताऱ्या आईच्या तोंडी असलेलं गाणं तिला मिळालं. आदिलाबादच्या थिएटरात ते लागलं तेव्हा आजूबाजूची माणसं बोलायची थांबली होती. त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही.

आता ती आदिलाबादेत राहते, संध्याकाळी मुलींना गाणं शिकवते. मुलींनी वरचा सूर लावला की ती स्वतः गात नाही, नुसतं बोट वर करते. परवा क्लास सुटल्यावर, इतकी वर्षं घशात अडकलेला प्रश्न मी शेवटी विचारला – “आत्या, त्या दिवशी तू ओरडली नसतीस तर...?”

ती हार्मोनियमचा भाता बंद करत होती. मान वर न करताच म्हणाली,

“तर मंग हे इचाराले कोन आलं असतं?”