ब्रेक माझ्याकडे आहे

"सर आहेत का घरी?" असं कुणी दारात येऊन विचारलं, की मी म्हणायची, सर गाडीत आहेत, घरी फक्त झोपायला येतात. ऐकणारा हसायचा. मी मात्र थट्टा करत नव्हते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा घरात दोन खुर्च्या, एक पलंग आणि हे. पुढे मुलगा झाला, मग गाडी आली, आणि तेव्हापासून मी तिसऱ्या नंबरावर गेले ती गेलेच.

आमचे हे गाडी चालवायला शिकवतात. म्हणजे शिकवायचे. एकच गाडी, टपावर पाटी, काचेवर लाल एल. या भागातला निम्मा रस्ता ह्यांचा विद्यार्थी. डॉक्टर, बेकरीवाला, बँकेतली बाई, सगळे ह्यांना सर म्हणतात आणि चौकात दिसले की काच खाली करून हात करतात. मलाही ह्यांनी दोनदा शिकवायला घेतलं. दोन्ही वेळा पहिल्याच वळणावर आमचं वाजलं आणि मी दार आपटून चालत घरी आले. अख्ख्या गावाला शिकवणारा माणूस घरात असून बायकोला गाडी येत नाही, हे लोकांना फार गमतीचं वाटतं.

शिकवायच्या गाडीला ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा बाजूला बसलेल्या ह्यांच्या. नवीन माणूस स्टिअरिंगला बसला की त्याचे हात लाकडासारखे होतात. मग हे आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून शांतपणे म्हणायचे, "तुम्ही बिनधास्त चालवा. ब्रेक माझ्याकडे आहे." एवढं ऐकलं की माणसाचे खांदे खाली यायचे. या वाक्याची ह्यांना इतकी सवय होती, की मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघाला तेव्हा त्याच्या पाठीवर हात ठेवून ह्यांनी हेच सांगितलं. मी म्हटलं, अहो, तो आगगाडीनं चाललाय.

आणखी एक खोड होती. गाडीत बसले की हे चपला काढून सीटखाली सारायचे आणि अनवाणी पाय पेडलवर ठेवायचे. म्हणायचे, गाडी तळव्यानं ऐकायची असते. इंजिन कुठे अडखळतंय, चाकाला काय लागलंय, ब्रेक कुठे धरतोय, सगळं म्हणे पायाला कळतं. मला वाटायचं, बायकोचं एवढं कानांनी ऐकलं असतंत तर बरं झालं असतं.

तर या माणसानं एक दिवस जेवताना सांगितलं, "गाडी बोलेनाशी झालीय."

मी लक्ष दिलं नाही. पण मग रोजच सुरू झालं. ब्रेक उशिरा लागतो. ब्रेक लोण्यात पाय गेल्यासारखा लागतो. गाडी मुकी झाली. गाडी जुनी होती हे खरंच. पत्र्याला गंज चढला होता, मागचं एक दार आतून उघडायचं नाही. मिस्तरी भावजींकडे खेपा सुरू झाल्या. भावजी म्हणजे ह्यांचे तरुणपणापासूनचे दोस्त, कोपऱ्यावर गॅरेज. त्यांनी ब्रेकचे पॅड बदलले, ऑइल बदललं, नळीतली हवा काढली. दर वेळी हे गाडी घेऊन यायचे आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून म्हणायचे, "नाही. तसाच आहे."

मुलाचा फोन आला की एकच विषय. "बाबा, किती जीव काढणार त्या डबड्याचा? मोडीत द्या आणि नवी घ्या."

"नव्या गाडीत बटणंच बटणं असतात," हे म्हणायचे. "शिकणाऱ्याला गाडी कळतच नाही."

"आई, तू तरी सांग."

मी कुणाला काय सांगणार? माझं ऐकून या घरात कधी पंखासुद्धा बदलला नाही.

त्या दिवसांत ह्यांचं आणखीही काहीबाही चाललं होतं. एका पायातली चपल जिन्यातच राहायची आणि हे तसेच वर यायचे, एक पाय चपलेत, एक उघडा. मी चपल उचलून आणायची आणि तोंडाचा पट्टा सोडायची. एकदा आंघोळीचं कढत पाणी पायावर सांडलं, फोड आला, आणि हे पेपर वाचत बसले होते. मला वाटलं, काय सोसतो हा माणूस. ह्यांना शुगरच्या गोळ्या कधीपासूनच्या चालू होत्या, पण गोळ्या कुणाच्या घरात नसतात?

मग ती नर्सबाई शिकायला आली. मोठ्या दवाखान्यात नोकरी, एकटीच राहणारी, अगदी सरळ बाई. धडा संपला की काच पुसून जायची. लायसनची परीक्षा जवळ आली होती. बाजाराच्या कोपऱ्यावर भिंतीला लागून किल्लीवाला बसायचा, बुटक्या स्टुलावर, समोर लहानसं टेबल. आमच्या गाडीची जादा किल्लीसुद्धा त्यानंच करून दिलेली. त्या वळणावर समोरून टेम्पो आला, बाई घाबरली आणि ब्रेकऐवजी ॲक्सिलेटर दाबला. असं प्रत्येक शिकणारा कधी ना कधी करतो. त्यासाठीच तर दुसरा ब्रेक असतो.

गाडी भिंतीपर्यंत गेली. मध्ये किल्लीवाला होता.

जीव वाचला. दोन्ही गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, हा आता उभा राहणार नाही. मी भेटायला गेले तेव्हा त्याच्या बायकोनं मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ती मला चार शब्द वाईट बोलली असती तर बरं वाटलं असतं.

सरकारी माणसानं गाडी तपासली. दोन्ही ब्रेक ठणठणीत आहेत म्हणाला. झालं, सगळं त्या नर्सबाईच्या माथी गेलं. बाजारात जो तो सांगत होता, बाईनं पाय दाबला, सर बिचारे काय करणार. तिनं स्वतःही तेच धरलं. रोज ड्यूटी संपली की पिशवी घेऊन किल्लीवाल्याकडे जायची, त्याच्या जखमा धुवायची, पट्टी बदलायची. तो तिच्याशी बोलत नसे. तरी जायची. महिन्याभरात तिची हाडं वर आली.

ह्यांनी मात्र हे कधीच मान्य केलं नाही. भेटेल त्याला सांगायचे, "तिचा दोष नाही. मी ब्रेक दाबला होता. पुरता दाबला होता. गाडीनं ऐकलं नाही." लोक मान हलवायचे आणि ह्यांच्या चांगुलपणाचं कौतुक करायचे. त्यानं तर ह्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आता गाडी दुरुस्त करायची की बदलायची, हा प्रश्नच उरला नाही. हे म्हणाले, गाडीतला दोष सापडेपर्यंत ती मोडीत जाणार नाही. मोडीत गेली की त्या बाईवरचा ठपका कायमचा. शिकवणं बंद केलं. सकाळी उठायचे आणि गॅरेजला जायचे. ब्रेकचं सगळं सामान खोलून फडक्यावर मांडलं, पुन्हा जोडलं, पुन्हा खोललं. भावजींच्या नाकी नऊ आले. ह्यांच्या चपलेचा तळ त्या चिखलातेलात सुटला, तो त्यांनीच बारीक चुका ठोकून बसवून दिला. चूक म्हणजे चपलेला मारतात तो इवलासा खिळा.

एक दिवस भावजी हे नसताना घरी आले. चहा घेतला नाही. "वहिनी, नवी गाडी घ्यायला लावा," म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "भावजी, इतके दिवस दुरुस्तीचे पैसे घेतलेत आणि आता हे सांगता? शोरूमवाल्याशी काही ठरलंय का तुमचं?"

ते खाली बघत म्हणाले, "घेऊ नका. नुसतं एकदा बसवून बघा नव्या गाडीत. माझ्यासाठी." आणि उठून गेले. कसा उलट्या काळजाचा माणूस, असं मी मनातल्या मनात म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मला गॅरेजमधल्या धुराचं वाटलं.

ह्यांना तयार करायला मी मुलाची शपथ घातली. दुपारी निघालो. हे चालवत होते, मी बाजूला. अगदी हळू, पण दोन ठिकाणी पुढच्या गाडीच्या इतके जवळ जाऊन थांबलो की मी सीट घट्ट धरून बसले. "बघितलंस ना ब्रेक?" हे म्हणाले. मीही म्हटलं, खरंच, खटारा झालीय.

शोरूम म्हणजे आरसाच. फरशीत आपलंच तोंड दिसत होतं. आमच्या मुलाच्या वयाचा विक्रेता मुलगा, गळ्यात टाय. त्यानं एका पांढऱ्या गाडीचं दार उघडलं. ह्यांनी सवयीनं चपला काढल्या, सीटखाली सारल्या आणि अनवाणी पाय आत घेतला.

"किल्ली नसते सर हिला," मुलगा म्हणाला. "ब्रेक दाबायचा आणि हे बटण. ब्रेक दाबल्याशिवाय चालूच होत नाही."

ह्यांनी बटण दाबलं. गाडी ढिम्म. पुन्हा दाबलं.

"ब्रेक दाबा ना सर."

"दाबलाय."

"जरा जोरात."

"अरे, दाबलाय पुरता." आणि माझ्याकडे वळून हे जरा आनंदानंच म्हणाले, "बघ. नवी आहे, तरी हीसुद्धा मुकी. आजकाल बनवतातच असल्या."

त्या मुलानं वाकून आत बघितलं. मीही त्याच्या खांद्यावरून बघितलं. ह्यांचा उजवा पाय बाजूच्या गालिच्यावर होता. सगळा जोर लावून गालिचा दाबत होता. बोटं पांढरी पडली होती. ब्रेक शेजारी मोकळा.

"सर," मुलगा अगदी हळू बोलला, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं, "पाय ब्रेकवर नाहीये. बाजूला आहे."

हे वाक्य ह्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं होतं. ह्यांनी खाली बघितलं. कितीतरी वेळ बघत राहिले. मग दोन्ही हातांनी स्वतःची पिंढरी धरून पाय उचलला आणि एखादी वस्तू ठेवावी तसा ब्रेकवर ठेवला. बटण दाबलं. गाडी चालू झाली. आवाजसुद्धा आला नाही, नुसते दिवे लागले.

मुलगा म्हणाला, "झालं बघा सर."

बाहेर आलो. हे आमच्या गाडीचं पुढचं दार उघडून उभे राहिले, आणि बंद केलं. किल्ली माझ्या हातात दिली. मी काय करणार होते तिचं? मला गाडी येत नाही. त्या उन्हात आम्ही दोघं आमच्याच गाडीपाशी परक्यासारखे उभे होतो. शेवटी मी भावजींना फोन केला. "या," एवढंच म्हटलं. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही.

ते येईपर्यंत आम्ही मागच्या सीटवर बसलो. तेव्हा मला दिसलं, ह्यांची उजवी चपल त्या पांढऱ्या गाडीतच राहिली होती. मी पाय उचलून मांडीवर घेतला. टाचेत चूक रुतली होती. चपलेच्या तळातून वर आलेली, डोक्यापाशी तुटून आतच राहिलेली. भोवती काळं झालं होतं. किती दिवसांची असेल, देव जाणे. मी नखांनी धरून ओढून काढली. ह्यांनी हूं की चूं केलं नाही. बाहेर बघत होते.

"दुखलं का?" मी विचारलं.

"काय?"

मला रडू आवरेना. रुमाल टाचेला बांधला आणि पाय तसाच धरून बसले.

भावजी रिक्षानं आले. पुढे बसले, आरशातून एकदा मागे बघितलं. "अरे, मी दोनदा येऊन सांगायचं ठरवलं होतं," म्हणाले. "तुझ्या तोंडावर सांगवेना."

"चालव," हे म्हणाले.

गाडी निघाली. पहिल्या चौकात पुढे बस थांबली, भावजींनी ब्रेक लावला, आणि त्याच वेळी माझ्या मांडीवर दाब आला. ह्यांचा पाय. पुढच्या सिग्नलला पुन्हा. गतिरोधकाला पुन्हा. जिथे जिथे थांबायचं, तिथे तिथे भावजींच्या क्षणभर आधी हा पाय दाबायचा, बरोब्बर, जराही उशीर नाही. ह्यांना त्यातलं काही लागत नव्हतं. मला लागत होतं.

आमच्या गल्लीचं वळण आलं. "घरी नको," हे म्हणाले. "आधी नर्सबाईंकडे घे."

ती दाराला कुलूप लावत होती. हातात पट्ट्यांची पिशवी, किल्लीवाल्याकडेच निघालेली. ह्यांच्या एका पायात चपल, दुसऱ्याला रुमाल, माझ्या खांद्यावर भार, मागे भावजी. ती धावत पुढे आली. "सर, काय झालं पायाला?"

"तुमची काही चूक नव्हती," हे म्हणाले. आवाज नेहमीचाच, शांत, पहिल्या धड्याला असायचा तसा. "गाडीचीही नव्हती. ब्रेक माझ्याकडे होता."

तिला आधी कळलंच नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग ती हातातली पिशवी पोटाशी धरून पायरीवर खाली बसली, आणि आम्ही तिघं तिच्यासमोर उभे राहिलो.