पाटा दिवसा आणा

माझ्या मोठ्या मायचं घर जाळलं गेलं ते १९७८ सालच्या ऑगस्टात, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर थोड्याच दिवसांत, भर दुपारी. भाकरी थापून झाल्या होत्या, चटणी वाटणं चाललं होतं. 'जाळलं गेलं' हे मी चुकीचं लिहिलं. घर काही आपोआप जळत नाही. गावानं जाळलं. आमच्या पत्रकात असं बिनधन्याचं वाक्य सापडलं की आम्ही ते खोडतो, म्हणून इथंही खोडते.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांची थोरली वहिनी. तेव्हा ती नवी नवरी होती आणि माझे वडील तिच्या कडेवर मावतील एवढे. जिंतूरच्या अलीकडं आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवाडा, त्याच्या मागं लगेच शेतं. घोळका वरून आला तेव्हा ती एका काखेत दीर आणि एका हातात वरवंटा घेऊन हायब्रीड ज्वारीत पळाली. ज्वारी डोक्याएवढी होती म्हणून मी आज हे लिहितेय.

आमचा गट अशा हकिगती मोबाईलवर नोंदवून घेतो. गट म्हणजे काय, तर मी, आणि वकिलीचं शिकणारा माझा एक मित्र. बाकीचे ग्रुपवर अंगठे दाखवतात. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की साक्षीदाराला मोकळं बोलू द्यावं, मधे तोंड घालू नये. ज्यानं हे सांगितलं तो मोठ्या मायला भेटलेला नव्हता.

"त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं?" मित्रानं कॅमेरा लावून विचारलं.

"काय वाटलं म्हंजे? चटणी वाटायलते. सांगितलं की मघाशी."

"नाही, म्हणजे मनात..."

"मनात हेच की मीठ घालायचं ऱ्हायलंय."

मी मधे तोंड घातलं. "मोठी माय, वरवंटा कामून घेतलास हातात?"

"हातातच व्हता. ठिवायला टाईम कुठं व्हता?"

"मग फेकून मारायचा ना एकाला!"

"तुझ्या बापाला कुठं ठिवू मग? आन् नेम चुकला असता तर वरवंटा बी गेला असता." मग कॅमेऱ्याकडं न बघता, वाळत घातलेल्या मिरच्यांकडं बघत म्हणाली, "पाटा तर गेलाच."

ती हकिगत अशी. काही दिवसांनी आमच्या घरची माणसं रानातून, पाहुण्यांकडून परत आली तेव्हा गवताचं छप्पर राख झालं होतं, भांडी काळी पडली होती. पाटा मात्र जागेवर नव्हता. दगड जळत नाही. दगड उचलून न्यावा लागतो, आणि आमचा पाटा उचलायला दोन माणसं लागतात. वर्षभरात तो दिसला. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या न्हाणीच्या दारात पडला होता. एक कोपरा उडालेला. तो कोपरा माझ्या आज्यानं जिंतूरच्या बाजारातून आणल्यावर बैलगाडीतून उतरवताना उडवला होता, आणि त्यावरून घरात झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही. पाटा नेल्यापासून त्या शेतकऱ्याच्या घरातल्या तीन पिढ्यांनी त्यावर टाचा घासल्या.

त्या घरातल्या म्हाताऱ्याला सगळे तात्या म्हणतात. तात्या त्या घोळक्यात होते की नव्हते यावर गावात दोन मतं आहेत. पाटा त्यांच्याकडं आहे यावर एकच. बौद्धवाड्यातल्या बाया त्यांच्या वावरात खुरपायला जातात, न्हाणीजवळ हातपाय धुतात, पाट्याला बघतात आणि येतात. इतकी वर्षं कुणी काही बोललं नाही. कामाला जायचं असतं ना दुसऱ्या दिवशी.

आम्ही पत्रक काढलं. मला पत्रक लिहिता येतं, खोटं कशाला बोलू. 'शासनाने जाहीर माफी मागावी', 'दंगलीचा इतिहास पाठ्यपुस्तकात यावा', 'पीडितांचे पुनर्वसन करावे'. प्रत्येक ओळीच्या शेवटी उद्गारचिन्ह. मोठ्या मायला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, मान हलवली.

"लय चांगलं लिवलंय. ह्यात माझा पाटा कुठंय?"

मित्र म्हणाला, "मावशी, तो व्यापक मागणीत येतो."

"व्यापक मागणी न्हाणीच्या दारात हाय का? पाटा हाय. ते लिव."

लिहिलं. 'पाटा परत करा!' एवढंच, मोठ्या अक्षरात, आणि खाली सगळी हकिगत. आठवडी बाजारात वाटलं. लोकांनी घेतलं, वाचलं आणि हसले. हसतील तर हसोत, पण वाचलं. एक भाजीवाली म्हणाली, "माफीपेक्षा पाटा बरा. ठेवायला तरी येतो."

त्यावर तात्यांकडून उत्तर आलं ते खोक्यातून. त्यांची नातसून स्वतः घेऊन आली, माझ्याच वयाची, परभणीच्या कॉलेजात शिकलेली. खोक्यात नवा कोरा मिक्सर.

"तात्यांनी दिलाय," ती म्हणाली. बिचारीला लाज वाटत होती, हे मला आवडलं.

"आमच्याकडं हाय मिक्सर," मोठी माय म्हणाली. "तुमचा किती भांड्याचा? आमचा तीन भांड्याचा हाय. बस, च्या घे."

ती चहा प्यायली. आजकाल वरच्या गावातले आमच्याकडं चहापर्यंत येतात. जेवायला बसा म्हटलं की सगळ्यांना नेमका उपास असतो. जाताना मिक्सर परत गेला.

आणि मग काही दिवसांनी, सकाळी, मोठ्या मायच्या दारात पाटा. रात्रीतून कुणीतरी आणून ठेवला होता. कोपरा उडालेला, तोच, टाचा घासून गुळगुळीत झालेला.

मी काय केलं असेल? फोटो काढला. 'ऐतिहासिक विजय!' असं लिहून ग्रुपवर टाकला, स्टेटसला ठेवला, परभणीत आणि पेडगावात असलेल्या सगळ्या नातेवाईकांना पाठवला. अंगठ्यांचा पाऊस पडला. मित्रानं नव्या पत्रकाचा मजकूरही सुरू केला. मोठी माय बाहेर आली, पाट्याकडं बघितलं, वाकून त्याच्यावरून हात फिरवला. आतून वरवंटा आणला, ठेवून बघितला. बसला.

मग म्हणाली, "कुणी आणला?"

"तात्यांच्या घरचेच असणार."

"असणार म्हंजे? तोंड बघितलं का कुणाचं?"

"नाही, पण..."

"मग उचला. नेऊन ठिवा जिथला तिथं."

मला वाटलं ती गंमत करतेय. मी म्हणाले, "मोठी माय, अगं, तुझा पाटा! परत मिळाला!"

"मिळाला न्हाई, टाकून गेले. न्हेला तवा दिवसाढवळ्या न्हेला, सगळ्या गावानं बघितला. आन् देताना अंधारात? हे देणं हाय का चोरी हाय? उचला म्हणते."

"मग पाहिजे तरी काय तुला?"

"तात्यानं आणायचा. दिवसा. समोरच्या रस्त्यानं, बाजारपेठेतून. दारात येऊन म्हणायचं की हा तुमचा हाय, आमी न्हेलता. मग मी त्याच्यावर चटणी वाटणार आन् तात्या हितं बसून ती भाकरीसंगं खाणार. माझ्या घरात. पोटभर."

"खातील का ते?"

"मला काय म्हाईत? त्यालाच इचार."

आमच्या पत्रकांत मी इतकी वर्षं 'न्याय' हा शब्द लिहीत आले. त्याची जागा, वेळ, रस्ता आणि तोंडी लावायला काय, हे इतकं स्पष्ट मला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या क्षणी कौतुक वगैरे काही सुचलं नाही, कारण पाटा उचलायचा होता.

स्कूटीच्या पायठेवणीवर आडवा ठेवला. मित्र गाडी ढकलतोय, मी एका अंगानं पाटा धरलाय, मोठी माय पुढं चालतेय. वरवंटा तिनं घरी ठेवला होता, तो काही ती कुणाच्या दारात नेणार नव्हती. वाटेत एक एक माणूस बाहेर आला. पिठाच्या गिरणीपाशी कुणीतरी ओरडलं, "काय मावशी, वरात कुणाची?"

"पाट्याची! नवरदेव मान्य न्हाई म्हणून परत चाललाय!"

गिरणीवरची सगळी हसली. एवढं हसू आमच्या वाड्यातल्या बाईनं त्या रस्त्यावर कधी पिकवलं नसेल. तात्यांच्या वाकळेसारख्या जाड भिंतीमागून खोकल्याचा आवाज आला, पण दार उघडलं नाही. आम्ही पाटा ओट्यापाशी उतरवला. न्हाणीत नाही, ओट्यापाशी. "येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे," मोठी माय म्हणाली. आणि ग्रुपवर मी 'ऐतिहासिक विजय' खोडून 'थोडं थांबा' असं लिहिलं.

पाटा अजून तिथंच आहे. एक बदल झाला आहे. त्यावर आता कुणी टाचा घासत नाही. घराच्या पुढ्यात, गावाच्या डोळ्यांसमोर पडलेल्या दगडावर टाचा घासायची लाज वाटत असावी. गेल्या आठवड्यात नातसून पुन्हा आली. या वेळी खोकं नव्हतं. पदराशी चाळा करत म्हणाली, "मावशी, एक इचारायचं व्हतं. तात्यांना तिखट सोसत न्हाई आता."

मोठी माय सुपात ज्वारी पाखडत होती. हात थांबला नाही.

"मग दही ठिवते. पण येऊ दे दिवसा."

"सांगते," ती म्हणाली, आणि या खेपेला, कुणी आग्रह न करता, भाकरी खाऊन गेली.

तात्या येतील की नाही मला माहीत नाही. त्यांचंही वय झालंय, मोठ्या मायचंही. शहाण्या माणसानं उशीर करू नये असं हे काम आहे.

पण हे वाचणारे तुम्ही. तुमच्या घरात बघा. न्हाणीत, परसात, गोठ्यात, ओट्याखाली. जळक्या कडांची चौकट असेल, दुसऱ्याच्या नावाचं पितळेचं भांडं असेल, कोपरा उडालेला दगड असेल. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे आपल्याकडं कुठून आलं. त्यानं विषय बदलला तर पुन्हा विचारा. आणि कुणाचं आहे ते कळलं की पोस्टानं पाठवू नका, रात्री दारात टाकून पळू नका. दिवसा उचला, गावातून न्या, ज्याचं त्याच्या हातात द्या, आणि त्या घरात वाढतील ते बसून खा. उपास आहे म्हणू नका.