गिरजाबाईंच्या चार चाव्या

गिरजाबाईंचा आवाज काढायचा तर हनुवटी जरा वर, डोळे समोरच्या पोराच्या नाकावर आणि सगळं एका दमात: "ए पोरा, ते नाक हाय का नल? बंद कर आधी, पानी वाया चाललंय." करंजाड्याच्या जुन्या गावात हे ज्याला येत नाही असं पोर सापडायचं नाही. सगळे बाईंच्याच अंगणवाडीतून गेलेले. कुणाच्या बारशाला, साखरपुड्याला दोन मिनिटं मोकळी मिळाली की कुणीतरी बाई व्हायचं, आणि बाई पहिल्या रांगेत बसून म्हणायच्या, "अजून नाकातून बोल. असा काय मेल्यागत बोलतंस?"

बाई त्रेपन्न वर्षांच्या. अंगणवाडी सेविका म्हणून सव्वीस वर्षं. घरी नवरा सिताराम अर्धांगाने पडून, त्याला दीड वाजता भरवायचं. त्याआधी नऊ ते एक अंगणवाडी: गाणी, वजनं, खिचडी, लसीची आठवण. एक वाजता मुलं घरी सोडायची, कारण खोली गोटीरामशेठची आणि दुपारी तिथे शिवणक्लास.

गोटीरामशेठची मागे चाळही आहे, आठ खोल्यांची. भाडेकरू बाहेरगावचे, नवरा-बायको दोघं कामाला, परत यायला सात. त्यांतल्या चार घरांतली चार लहान मुलं एक ते सात जाणार कुठे? घरातच. बाहेरून कुलूप घालून. दार उघडं राहिलं तर पोर रस्त्यावर जातं, आणि रस्त्यावरून खडीचे डंपर. म्हणून कुलूप. यात वावगं कुणालाच वाटत नव्हतं. उलट जी आई कुलूप न लावता गेली तिलाच बायका नावं ठेवायच्या, "पोराची काळजी हाय का नाय हिला?"

चाव्या बाईंकडे. परकराच्या नाडीला चारही. एक वाजता बाई चौघांना चाळीत नेत, हातपाय धुवायला लावून झोपवत आणि बाहेरून कुलूप लावत. साडेतीनला परत फेरी. कुलूप काढा, पाणी पाजा, मोरीत बसवा, कपाळाला हात लावा, कुलूप घाला. पाचला पुन्हा एकदा. पगार नाही, नोंद नाही. कुणी विचारलं तर, "चालनंच तर हाय. पाय मोकले होतात."

मग समोरच्या टॉवरमधल्या तेजसने बाल्कनीतून व्हिडिओ काढला. अठ्ठावीस सेकंदांचा. बाई एका चार वर्षांच्या मुलीला दारातून आत लोटतात आणि कुलूप घालतात. आत लोटतात असंच दिसतं. खरं तर ती मुलगी, सोनम, दारात बसून चप्पल काढायला तयार नव्हती. व्हिडिओ दोन दिवस सगळ्या ग्रुपांवर फिरला. तेजसला विचारलं तर तो म्हणतो, "मी काय वाईट बोललो का? अवेअरनेससाठी टाकला, भावा. लहान मुलांचा विषय आहे."

तिसऱ्या दिवशी सुपरवायझर निशिगंधा मॅडम आल्या. त्यांचा आवाज काढायचा तर प्रत्येक वाक्य हसून सुरू करायचं आणि हसू मध्येच बंद करायचं.

"बाई, तुमचं इंटेन्शन चांगलं आहे, ते मला माहितीये. पण सेविका मुलांना कोंडते, हे कसं दिसतं?"

"आईबाप कोंडतात ना मॅडम. मी उघडतय."

"तेच म्हणते मी. उद्या आत काही झालं तर चावी कुणाकडे? तुमच्याकडे. सही करा इथे."

कागदावर तीन गोष्टी होत्या. सेविकेने लाभार्थ्याच्या घराची चावी बाळगू नये. केंद्राच्या वेळेनंतर लाभार्थ्याला स्वतःच्या घरी ठेवू नये. लाभार्थ्याच्या घराच्या कुलपाला हात लावू नये. बाईंनी चष्मा लावून तिन्ही वाचल्या आणि सही केली. संध्याकाळी चार दारांत जाऊन चार चाव्या दिल्या. रडल्या वगैरे नाहीत. घरी जाऊन सितारामला भात भरवला.

तीन घरांनी वाट काढली. एकीने काम सोडलं, एकीची बहीण राहायला आली, एक कुटुंब खोली बदलून गेलं. सोनमचं घर राहिलं. तिचा बाप सुगत न्हावा शेव्याच्या बाजूला कंटेनर यार्डात, आई स्नेहल सीबीडी बेलापूरला एका ऑफिसात साफसफाईला. मूळचे हिंगोलीकडचे. एक वाजता मुलीला घरी आणायला कुणी नाही, म्हणून स्नेहलने तिला अंगणवाडीत पाठवणंच बंद केलं. आता कुलूप सकाळी आठला लागायचं आणि संध्याकाळी सातला निघायचं. पूर्वी सहा तास होते, तेही दोनदा मोडलेले. आता अकरा, सलग.

बाई हे जाणून होत्या. हजेरीत सोनमच्या नावापुढे रोज गैरहजर. एक वाजता सुटल्यावर घरी जाताना त्या चाळीवरून जायच्या आणि खिडकीशी थांबायच्या. गजातून डबा जात नाही, म्हणून खिचडीचे मुटके वळून एकेक आत द्यायच्या.

"बाई, कुलूप काढा ना."

"खा आधी."

"खाल्लं. काढा ना."

"चावी आईकडं हाय."

"आधी तर तुमच्याकडे होती."

"होती."

हे रोज, याच शब्दांत, पाच आठवडे. पहिल्या आठवड्यात सोनम गजांना धरून उड्या मारायची. नंतर नुसती उभी राहून खायची. बाईही पूर्वीसारखं नाकावर काही बोलत नव्हत्या. लग्नात कुणी त्यांची नक्कल केली तर बघत बसायच्या, जणू दुसऱ्या कुणाची चाललीये.

एका मंगळवारी सोनम खिडकीशी आली नाही. खिडकीखालीच गोधडीवर पडलेली. हाका मारल्यावर डोळे उघडले, परत मिटले. बाईंनी गजातून खांद्यापर्यंत हात घातला तेव्हा बोटं कपाळाला पोचली. कपाळ तव्यासारखं.

स्नेहलला फोन लावला. वाजून बंद. कामाच्या ठिकाणी फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. सुगतचा बंद. गोटीरामशेठ दारात दात कोरत उभे होते.

"शेट, दुसरी चावी हाय का?"

"भाडेकरूच्या कुलपाची चावी मी कशाला ठेवू? मी खोलीचा मालक हाय, कुलपाचा नाय."

"मग तोडा. पोर तापलंय."

"मी तोडू? उद्या तो येल नि बोलेल, शेटनी घर फोडलं, सामान गेलं. तू तोड. तुझंच पोर हाय ते अंगनवाडीचं."

कुलूप साठ रुपयांचं. पाट्याचा वरवंटा शेजारच्या ओट्यावर पडलेला. बाईंनी वरवंट्याकडे पाहिलं. कुलपाकडे पाहिलं. मग पदराने हात पुसून मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन केला. पत्ता दिला, वय दिलं, ताप आहे म्हणाल्या. पलीकडच्या मुलीने विचारलं, "मुलीजवळ कोण आहे?" बाई म्हणाल्या, "मी हाय. भायेर."

पंचवीस मिनिटं लागली, म्हणजे लवकरच आले. चौकीचे दोन पोलीस आणि हेल्पलाइनची एक कार्यकर्ती. तोवर बाई डावा हात गजातून आत घालून उभ्या. ओला रुमाल कपाळावर, वाळला की बाहेर, बाटलीतलं पाणी, परत आत. गोटीरामशेठनी स्टूल आणून दिलं. त्या बसल्या नाहीत. बसलं की हात पोचत नव्हता. एका पोलिसाने तोच वरवंटा उचलला आणि दोन फटक्यांत कुलूप पाडलं.

पनवेलच्या सरकारी दवाखान्यात मलेरिया निघाला. पाचव्या दिवशी सोनम उठून बसली. आईबापांना बाल कल्याण समितीपुढे जावं लागलं. तिथल्या बाई नीट बोलल्या, ओरडल्या नाहीत. मुलीला एकटं कोंडायचं नाही, काय सोय करता ते पंधरा दिवसांत सांगा. सुगतने तिथल्या तिथे सांगितलं, गावाला माझ्या आईकडे ठेवतो. लिहून घेतलं गेलं.

बाईंना कार्यालयाचं पत्र आलं. नियमांचं पालन करून वेळीच हेल्पलाइनला कळवल्याबद्दल अभिनंदन. निशिगंधा मॅडमनी स्वतः आणून दिलं, फोटोही काढला. फोटोत बाई पत्र उलटं धरून आहेत आणि कुणाच्या ते लक्षात आलेलं नाही.

गावाला निघण्याआधी स्नेहल लसीचं कार्ड मागायला आली. अंगणवाडी सुटलेली, बाई वजनकाटा पुसत होत्या. स्नेहल दारातच उभी राहिली.

"बाई, एक इचारू? शेट म्हनले, वरवंटा तिथंच होता."

"होता."

"मग पंचवीस मिनिटं का थांबलाव? लेकरू आत तापानं फनफनायलं होतं."

"सही दिलेली मी."

"सही." स्नेहलने तो शब्द नुसता परत उच्चारला. आवाज चढवला नाही. "कुलूप तं माझंच व्हतं, मी काय बोलावं म्हना. पर तुमी तोडलं असतं तर आमी काय म्हनलो असतो का तुमाला?"

"नाय."

"ठावं व्हतं ना?"

"व्हय."

बाईंनी कार्ड शोधलं. हजेरीत सोनमच्या ओळीपुढे लिहिलं: स्थलांतरित. खाली तारीख घातली. मग कार्डावर बोट ठेवून दाखवलं.

"पाच वर्सांचा डोस राहिला. गावच्या सिस्टरकडं न्या. त्या रात्री ताप येल, घाबरायचं नाय. पट्टी ठेवायची."

"आजी हाय ना तिकडं. घरातच असती दिवसभर."

"दार उघडं असतं?"

"गावाकडं कोन लावतंय दार."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि कार्ड तिच्या हातात दिलं.