खड्ड्यातून झालेली स्थापना

आमच्या गावात अपंगांसाठी मंडळ निघालं, तेव्हा पहिलाच ठराव असा झाला की सभासद धडधाकट असावा. हे मी गमतीने लिहीत नाही. बैठक शाळेत होती, मी बाहेर ओट्यावर बसलो होतो आणि आतलं सगळं ऐकू येत होतं. अपंगांना सभेला येण्याजाण्याचा त्रास कशाला, असा त्यांचा दयाळू विचार होता. आत पाच जण होते. पाचांचेही हातपाय शाबूत होते. डोक्यांबद्दल मी बोलत नाही.

गाव कुरखेड्याच्या बाजूचं, धानाचं आणि एका मोठ्या तलावाचं. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यात होती आणि चांदा आम्हाला विलायतेइतकं लांब होतं. लहानपणी मला ताप आला आणि जाताना माझा डावा पाय घेऊन गेला. तरी मी सातवी पास झालो. मास्तरकी मात्र मिळाली नाही, कारण मुलांची कवायत कोण घेणार, असा प्रश्न वर कोणाला तरी पडला. मग मी चिंचेखाली बसून अंबाडीचे दोर वळू लागलो. तिथे आमची टोळीच होती. एकाचा हात अस्वलाने निकामी केलेला, एक जन्माचा मुका, आणखी दोघंतिघं असेच, आणि सगळ्यांची पुढारी एक आंधळी बाई. ती माझ्या आईच्या वयाची होती आणि तिच्या जिभेला गावातले डोळसही घाबरून असत.

चिंच हे छप्पर नव्हे. पावसाळा लागला की अंबाडी कुजायची, काम बंद पडायचं, आणि मग बाईचा दीर तिला हाताला धरून बाजारात नेऊन बसवायचा. पुढ्यात फडकं पसरायचा आणि संध्याकाळी फडक्यासकट तिला उचलून आणायचा. घरात बसून खाणाऱ्या माणसाने चार पैसे आणावेत, एवढंच त्याचं म्हणणं. बाई बाजारातून आली की दोन दिवस कोणाशी बोलायची नाही. तिची जीभ बंद झालेली मला बघवत नसे.

गावात एक जागा रिकामी होती. मालकांचं धानाचं कोठार. मालक म्हणजे आमचे मालगुजार, सरकारसाठी गावचा सारा वसूल करणारे जमीनदार. मालगुजारी नुकतीच सरकारात जमा झाली होती, त्यामुळे कोठारात आता धान नव्हतं आणि धान नाही म्हणून उंदीरही नव्हते. आम्ही सगळे मिळून ते मागायला गेलो. मालक म्हणाले, "पाहू."

आता पाहणं हेच मालकांना जमत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दिवेलागणीला समोरून म्हैस आली तरी ते "काय म्हणता पाटील?" असं विचारत, आणि म्हैस निघून गेली की पाटलाला माज आला म्हणत. पण मालकांना दिसत नाही, असं म्हणायची गावात सोय नव्हती. मालगुजारी गेली तेवढं पुरे झालं, डोळेही गेले असं कोण कबूल करील?

तेवढ्यात नागपूरकडून कोणी साहेब गावातून गेला आणि जाताना म्हणाला, इथे समाजसेवा दिसत नाही. झालं. आमच्या गुरुजींच्या अंगात समाजसेवा संचारली. गुरुजी शाळा चालवत ती फावल्या वेळात. त्यांचा खरा जीव नाटकात. त्यांनी आठवडाभरात मंडळ उभं केलं, मालकांना अध्यक्ष केलं, स्वतः चिटणीस झाले आणि ठरवलं की मंडईच्या दिवशी मंडळाची स्थापना करायची आणि लगेच आमच्या मदतीसाठी नाटक. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि नाटकाशिवाय मंडई म्हणजे मिठाशिवाय भात, तेव्हा याला कोणाची हरकत नव्हती. कोठाराचाही प्रश्न गुरुजींनी सोडवला. ते मंडळाचं कार्यालय होणार होतं. कार्यालयात नाटकाचे पडदे राहणार होते आणि तालमी होणार होत्या. अपंगांना एकेक घोंगडी मिळणार होती.

नाटकात एक लंगडा भाऊ होता. मी गुरुजींना म्हणालो, ही भूमिका मला द्या.

गुरुजींनी मला ओट्यावरून चार पावलं चालून दाखवायला लावलं. मग मान हलवली. "तुह्यं लंगडनं मागच्या लोकायले दिसनार नाई," ते म्हणाले. "त्याले अभिनय लागते."

ती भूमिका त्यांनी स्वतः घेतली आणि पंधरवडाभर माझ्या मागे-मागे चालून अभ्यास केला. पोरं आम्हा दोघांना बघून हसायची. मला राग आला होता, तो अजून पुरता गेलेला नाही.

मला त्यांनी खड्डा दिला. आमच्याकडे स्टेजच्या पुढ्यात एक खड्डा खणतात आणि प्रॉम्प्टर त्यात बसून सगळ्यांचे संवाद सांगतो. नट रोज वेगळ्या गावी वेगळं नाटक करणारे, पाठांतर कोण करतो? खड्ड्यातून येईल ते छातीठोकपणे म्हणायचं, हीच कला. खड्ड्यात पाय दिसत नाहीत, म्हणून मी त्या जागेला अगदी योग्य ठरलो. मालकांचं भाषणही मीच सांगायचं ठरलं. कागद त्यांना वाचता येईना आणि तसं म्हणताही येईना. तेव्हा थोरामोठ्यांनी कागद बघून बोलणं शोभत नाही, असा शोध गुरुजींनी लावला. मालकांनी दोनतीन दुपारी सराव केला. त्यांच्यात मोठ्या नटाचा गुण निघाला. कानात पडलेलं वाक्य डोक्यात न शिरता थेट तोंडातून बाहेर पडायचं.

मंडईच्या आदल्या दिवशी बाई मला म्हणाली, "बाबू, घोंगडं घेऊन मी काय करू? पाघरून बाजारात बसू काय?"

मी अंबाडीला पीळ देत राहिलो.

मंडईच्या संध्याकाळी गॅसबत्त्या लागल्या. चार गावची माणसं जमली होती. मालक फेटा बांधून उभे राहिले, बाजूला बाईला आणून उभं केलं, पडद्याआड गुरुजी काखेत कुबडी घेऊन तयार. भाषण संपता संपता मालकांनी कोठाराची किल्ली चिटणिसाला द्यायची होती आणि लंगड्या भावाने ती लंगडत येऊन घ्यायची होती, म्हणजे टाळी दोनदा पडेल. मी खड्ड्यातून वाक्यं सोडत होतो आणि मालक ती गर्जत होते. समाज, कर्तव्य, नवा भारत, सगळं होऊन गेलं. घोंगडीचं वाक्य आलं. कोणीतरी बाईच्या पुढे घोंगडी धरली आणि म्हणालं, हात पुढं कर. बाईने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तशीच उभी राहिली. मी खाली होतो, ती वर होती, आणि बत्तीच्या उजेडात मला तिची हनुवटी हलताना दिसली. ही बाई रडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी कागद मांडीखाली घातला.

"हे कोठार," मी सांगितलं.

"हे कोठार," मालक गर्जले.

"मी आजपासून या लोकांना काम करायला दिलं आहे. मंडळाचे सभासद हेच लोक. किल्ली मी या बाईंच्या हाती देतो."

मालकांनी शब्द न शब्द म्हटला, वर "हाती" या शब्दावर आवाज चढवला. कमरेची किल्ली काढली. बाईने पाठीमागचे हात झटकन पुढे आणले. टाळ्या अशा कडाडल्या की झाडावरचे बगळे उडाले. तेवढ्यात पडद्याआडून गुरुजी कुबडी टाकून, दोन्ही पायांनी धावत, "मालक, मालक" करत स्टेजवर आले. लंगडा भाऊ धावताना बघून लोक हसून लोळले. पुढे रात्रभर गुरुजी लंगडले, पण कोणी रडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला बोलावलं. मी मार खायच्या तयारीने गेलो.

"कागदात तसं होतं काय?"

"नाई जी."

"मंग मी काऊन बोललो?"

"चार गावानं आयकलं जी," मी म्हणालो.

मालकांना शब्द मागे घेता आला असता. पण मालगुजारी गेल्यावर त्यांच्याकडे शब्दाखेरीज फारसं उरलं नव्हतं. शिवाय टाळ्याही त्यांना आवडल्या असाव्यात. "जा," एवढंच म्हणाले. गुरुजींनी चिटणीसपद सोडलं आणि पुढच्या नाटकाला खड्ड्यात धडधाकट माणूस बसवला.

मंडळाची पहिली खरी सभा कोठारात भरली. जमीन शेणाने सारवलेली, वर शिंदीच्या चटया. अध्यक्ष म्हणून मालक बोलायला उभे राहिले आणि सवयीने पायापुढे खाली बघत थांबले. तिथे खड्डा नव्हता. मी त्यांच्या शेजारीच चटईवर बसलो होतो. कोणी काही सांगेना. मालक उभेच.

"बोला ना मालक," बाई म्हणाली. "आमी आयकून राह्यलो."

मालकांनी एकदा खाकरून घेतलं. आवाज गर्जनेचा नव्हता, घरातला होता. "मले," ते म्हणाले, "आताशा काईच दिसत नाई."

मी वर पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. बाईने चटईवर हात फिरवला, अंबाडीची पेंडी बाजूला सारली आणि आपल्या शेजारी जागा केली.

"मंग उभे काऊन जी?" ती म्हणाली. "बसा इथी. दोर वळाले डोळे लागत नाई."