रज्जाकभाईंची थप्पी

मार्केट यार्डात रज्जाकभाईंच्या थप्पीला नाव होतं. जड माल तळाला, नाजूक माल वर. ट्रक कितीही हादरला तरी पोतं जागचं हलायचं नाही. सारा जन्म हमालीत गेलेल्या या माणसाला गाडी कशी भरायची ते शिकवायला कुणी गेलंच, तर रज्जाकभाई त्याला आधी चहा पाजायचे आणि मग वाटेला लावायचे.

निसर्ग वादळानं कोकणातली घरं उघडी पाडली, तेव्हा यार्डातल्या व्यापाऱ्यांनी मदतीचा ट्रक काढला. रज्जाकभाईंनी नेहमीच्या शिस्तीनं ताडपत्र्यांचे जड गठ्ठे तळाला घातले, त्यावर तांदूळ, त्यावर बिस्किटं. मग ड्रायव्हर संभाजीबरोबर स्वतःच घाट उतरून गेले.

श्रीवर्धनच्या अलीकडे एका वाडीपाशी झाडं आडवी पडून रस्ता बंद होता. ट्रक थांबला तशी माणसं जमली. कुसुम नावाची एक बाई नातीला कडेवर घेऊन पुढे आली. तिच्या घरावर एक कौल उरलं नव्हतं. तिनं धान्य मागितलंच नाही, आधी डोक्यावर काहीतरी द्या म्हणाली.

ताडपत्री काढायची तर सगळा ट्रक चिखलात रिकामा करावा लागणार होता. संभाजी तयार होता. रज्जाकभाईंनी आभाळाकडे पाहिलं, तांदूळ भिजेल म्हणाले. ते खरंच होतं. पण त्याहून खरं म्हणजे एवढी देखणी थप्पी मोडणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

“उद्या उजाडल्यावर पहिलं काम तेच,” असं संभाजीला सांगून त्यांनी घरटी तांदूळ दिला. रस्ता उघडेपर्यंत पुरेल एवढा.

रात्रभर पाऊस कोसळला. दोघं केबिनमध्ये कोरडे झोपले.

सकाळी कुसुमनं त्यांना जेवायला बोलावलं. उभ्या राहिलेल्या एका भिंतीच्या आडोशाला तिनं चूल पेटवली होती आणि भलंमोठं पातेलं चढवलं होतं. शेजारी तिचं तांदळाचं पोतं पाण्यानं निथळत पडलं होतं.

“भिजलेला तांदूळ टिकायचा नाही, दादा. वाडीला वाढतेय, तुम्हीही खा. एवढ्या लांबून आमच्यासाठी आलात.”

संभाजी मान खाली घालून जेवायला लागला. रज्जाकभाईंनी उचललेला घास परत ताटात ठेवला. लाज अशी वाटली, की तिच्याकडे बघवेना.

“ताई, ताडपत्री काल याच गाडीत होती,” ते म्हणाले. “काढता आली असती. मी काढली नाही.”

कुसुमचा हात थांबला. तिनं आधी पोत्याकडे पाहिलं, मग ट्रककडे. नात खोकत होती. मग पातेल्यातला डाव भरून तिनं त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

“टाकू नका,” ती म्हणाली. “एवढाच होता.”

रज्जाकभाईंनी शीत न् शीत संपवलं. मग उठून ते ट्रकवर चढले आणि वरची बिस्किटं बाजूला सारून त्यांनी तांदळाचं पहिलं पोतं खाली चिखलात टाकलं.